दोन डोळ्यांनी पाहिलेली भूमी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या मेळाव्यात भूमी या विषयावर बोलण्याचा फारसा प्रघात नाही. शिक्षण, आरक्षण, धम्मप्रसार, मायदेशातील अत्याचारांची प्रकरणे यांवर बोलणारे अधिकारी वक्ते आपल्याला लाभत आले आहेत. अशा ठिकाणी एका डॉक्टराने उठून जंगल, आग आणि मासे यांच्यावर बोलावे, हे काहींना विषयांतर वाटेल. पण आज मी ज्या प्रश्नाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो, तो आपल्या चळवळीच्या अगदी गाभ्याचा आहे. ज्ञानी कोणाला म्हणायचे आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा तो प्रश्न होय. आपल्या पूर्वजांना पिढ्यान्‌पिढ्या अज्ञानी ठरविण्यात आले. ज्या अमेरिकेत आज आपण घरे घेतली, मुले वाढविली, त्या भूमीच्या मूळ रहिवाशांनाही असेच अज्ञानी ठरविण्यात आले. त्याची किंमत प्रथम त्यांनी मोजली. आता सर्वच मोजत आहेत.

मूलनिवासी हा शब्द आपल्याकडे एका विशिष्ट अर्थाने रूढ आहे, म्हणून मी येथे आदिवासी हा शब्द वापरतो. ज्यांना आपण शाळेच्या पुस्तकापासून सवयीने ‘रेड इंडियन’ म्हणत आलो, त्या समाजांपैकी दोन समाजांची हकीकत मी सांगणार आहे. कॅलिफोर्नियाच्या वायव्य कोपऱ्यात क्लॅमथ नावाची नदी ओरेगॉनमधून उतरून पॅसिफिक महासागराला मिळते. तिच्या काठी डोंगराळ प्रदेशात करुक आणि युरोक हे समाज हजारो वर्षांपासून राहत आले आहेत. सॅल्मन मासा आणि ओकची फळे हा त्यांच्या आहाराचा आधार, आणि आग हे त्यांचे भूमी राखण्याचे साधन.

आग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वणवा येतो. पण कोकणात ज्यांचे बालपण गेले, त्यांना भाजावळ ठाऊक असेल. पावसाळ्यापूर्वी शेतात राब जाळून त्या भाजलेल्या जागी भाताची रोपे करतात. ती आग वेळ पाहून, वारा पाहून, हद्द आखून लावलेली असते. करुक आणि युरोक लोकांची आग या जातीची होती. हेझल नावाचे झुडूप जाळले की त्याला मुळापासून सरळ, लवचीक, बिनफांद्यांचे कोंब फुटतात, आणि एकदोन हंगामांनी ते टोपल्या विणण्यास योग्य होतात. न जाळलेल्या झुडपाच्या काड्या वाकड्या आणि ठिसूळ असतात. टॅनओक या झाडाखाली शरद ऋतूत हलकी आग फिरविली की किडकी, अळी पडलेली फळे जळून जातात आणि पुढच्या वर्षीच्या फळांना लागणारी कीड कमी होते. झाडाखालची जागा मोकळी होऊन फळे वेचणे सुलभ होते. गवताळ पट्टे झाडोऱ्याने व्यापले जात नाहीत, हरणांना चारा मिळतो. एकाच डोंगरावर नुकताच जळलेला, पाच वर्षांपूर्वी जळलेला आणि जुना असे तुकडे शेजारी शेजारी राहिल्यामुळे मोठा वणवा पेटला तरी त्याला सलग सरपण मिळत नसे. कोणत्या उतारावर, कोणत्या महिन्यात, किती अंतराने आग लावायची, हे ज्ञान कुटुंबाकुटुंबांत होते. त्यातील पुष्कळसे टोपल्या विणणाऱ्या स्त्रियांच्या हाती होते.

आता हे ज्ञान कसे मोडले ते पाहा. कॅलिफोर्नियाच्या पहिल्याच विधिमंडळाने १८५० साली एक कायदा केला. त्याच्या नावात ‘इंडियनांचे शासन आणि संरक्षण’ हे शब्द होते. प्रत्यक्षात त्या कायद्याने आदिवासींना भटके ठरवून त्यांची मजुरी लिलावात विकण्याची सोय केली. गोऱ्यांविरुद्धच्या खटल्यात इंडियनाच्या साक्षीवर गोऱ्याला दोषी ठरविता येणार नाही, अशी तरतूद केली. आणि माळराने जाळणे हा दंडनीय अपराध ठरविला. त्यानंतर १८५१-५२ मध्ये कॅलिफोर्नियातील आदिवासींशी १८ करार झाले. अमेरिकेच्या सिनेटने ते मंजूर तर केले नाहीतच, उलट गुप्ततेच्या मोहोरेखाली दडवून ठेवले, आणि १९०५ पर्यंत ते उजेडात आले नाहीत. करुक समाजाच्या पूर्वापार भूमीचा बहुतेक भाग पुढे राष्ट्रीय वनखात्याच्या ताब्यात गेला.

वनखाते स्थापन झाले १९०५ साली. १९१० च्या उन्हाळ्यात आयडाहो आणि मोंटाना या राज्यांत महाभयंकर वणवा पेटला. सुमारे ३० लक्ष एकर जंगल जळाले. त्या धक्क्यातून खात्याने सर्व आग म्हणजे शत्रू असा सिद्धांत स्वीकारला. १९३५ साली नियम झाला की कोठेही आग दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजण्यापूर्वी ती आटोक्यात आलीच पाहिजे. आदिवासींच्या आगीला जाळपोळ म्हटले गेले. १९१८ साली क्लॅमथच्या खोऱ्यातील एका वनाधिकाऱ्याने आपल्या वरिष्ठांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. आग लावणाऱ्यांना आवरण्याचा खात्रीचा उपाय म्हणून झुडपांत दबकणाऱ्या माणसावर गोळी झाडावी, असा त्याचा आशय आहे. टोपलीसाठी हेझल जाळणारी बाई या व्यवस्थेत गुन्हेगार ठरली.

या धोरणामागची माणसे सर्वच दुष्ट होती असे मी म्हणणार नाही. त्यांतील अनेक प्रामाणिक, शिकलेले, जंगलावर प्रेम करणारे होते. त्यांचे वनशास्त्र युरोपातील दमट हवेच्या जंगलांत घडले होते, आणि कोरड्या उन्हाळ्याच्या प्रदेशात ते तसेच लागू पडेल असे त्यांनी गृहीत धरले. ज्यांनी त्याच डोंगरावर हजारो वर्षे काढली, त्यांना विचारण्याची गरज त्यांना भासली नाही, कारण विचारण्याजोगे काही त्यांच्यापाशी असेल अशी कल्पनाच त्यांना शिवली नाही.

परिणाम शंभर वर्षांनी दिसला. न जळलेली झुडपे, वाळलेल्या फांद्या, दाटीने उगवलेली कोवळी झाडे यांचे सरपण वर्षानुवर्षे साचत गेले. त्यात हवामान तापू लागले. नोव्हेंबर २०१८ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातील पॅराडाइज हे गाव एका दिवसात बेचिराख झाले आणि त्या आगीत ८५ माणसे मृत्युमुखी पडली. सप्टेंबर २०२० मध्ये खुद्द करुक भूमीत, हॅपी कॅम्प या गावाजवळ आग पेटली आणि सुमारे २०० घरे भस्मसात झाली. ज्यांना आग लावल्याबद्दल शिक्षा झाल्या, त्यांचीच नातवंडे आगीत बेघर झाली.

विज्ञानाची बाजू आता उघडू. आग अजिबात नको हे धोरण जसे विज्ञानाच्या नावाने आले, तशी त्याची चूकही विज्ञानानेच शोधली. जुन्या झाडाचा ओंडका आडवा कापला की त्याच्या वर्षवलयांत आगीचे व्रण दिसतात. रुग्णाच्या अंगावरील जुन्या व्रणावरून डॉक्टर जसा पूर्वीचा आजार ओळखतो, तसे ते वाचता येतात. या व्रणांनी सांगितले की पूर्वी या डोंगरांवर हलकी आग वारंवार फिरत असे आणि विसाव्या शतकात ती एकाएकी थांबली. २०२२ साली क्लार्क नाइट आणि सहकाऱ्यांनी क्लॅमथ पर्वतातील तळ्यांच्या गाळातले परागकण आणि कोळशाचे कण तपासून गेल्या सुमारे एक हजार वर्षांचा इतिहास मांडला. आजच्या जंगलातील झाडोऱ्याचा भार त्या सहस्रकातील पूर्वीच्या मानाने जवळजवळ दुप्पट आहे, आणि पूर्वीची विरळ रचना केवळ हवामानामुळे नव्हे तर माणसाच्या आगीमुळे टिकून होती, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्या अभ्यासात आदिवासींच्या तोंडी परंपरेलाही पुरावा म्हणून स्थान होते.

दुसरे उदाहरण मला अधिक विलक्षण वाटते. करुक लोकांच्या वार्षिक विधीत उन्हाळ्याच्या अखेरीस डोंगरावर आग लावली जाई आणि त्या आगीने सॅल्मनला नदीत वर येण्याची हाक दिली जाते अशी श्रद्धा होती. ऐकणाऱ्याने याला सहज अंधश्रद्धा म्हटले असते. २०१८ साली डेव्हिड, असारियन आणि लेक या संशोधकांनी क्लॅमथ खोऱ्यातील नोंदी तपासून दाखविले की वणव्याचा धूर दरीत दाटला की सूर्याचा ताप अडतो आणि नदीचे पाणी थंड होते. सॅल्मन हा थंड पाण्याचा मासा आहे. पाणी तापले की तो वर येण्याचे थांबतो, आजारी पडतो, मरतो. यांतील फ्रँक लेक हे वनखात्याचे शास्त्रज्ञ असून स्वतः करुक वंशाचे आहेत. घरी ऐकलेले आणि विद्यापीठात शिकलेले या दोहोंचा मेळ घालणारा माणूस प्रश्न विचारण्याच्या जागी बसला, तेव्हा हा प्रश्न विचारला गेला. आपल्या मुलांनी विद्यापीठात का जावे, याचे याहून चांगले उत्तर मला ठाऊक नाही.

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील मिगमॉ समाजाचे ज्येष्ठ दांपत्य अल्बर्ट आणि मर्डिना मार्शल यांनी केप ब्रेटन विद्यापीठातील शास्त्रज्ञ शेरिल बार्टलेट यांच्यासह २००४ साली या मेळाला एक नाव दिले: दोन डोळ्यांनी पाहणे. एका डोळ्याने आदिवासी ज्ञानाचे बळ पाहायचे, दुसऱ्याने पाश्चात्त्य विज्ञानाचे, आणि दोन्ही डोळे सर्वांच्या हितासाठी एकत्र वापरायचे. वैद्यकाच्या अभ्यासकाला ही उपमा फार पटते. खोलीची जाणीव आपल्याला दोन डोळ्यांच्या किंचित वेगळ्या प्रतिमांमुळे सहजी होते. लहान मुलांत ‘आळशी डोळा’ म्हणून एक विकार असतो. त्यात डोळा बहुधा धडधाकट असतो, पण मेंदू त्याच्याकडून येणारा संदेश दाबून टाकतो. आदिवासींच्या ज्ञानाचे नेमके असेच झाले. डोळा शाबूत होता, पाहतही होता. त्याचे म्हणणे ऐकायचे नाही असे सत्तेने ठरविले होते. अशा मुलाच्या चांगल्या डोळ्यावर आपण काही काळ पट्टी बांधतो. तो डोळा निकामी करण्याचा हेतू त्यात नसतो, दुसऱ्याला काम करण्याची संधी मिळावी एवढाच असतो.

माझ्या व्यवसायाशी निगडित आणखी एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. २००५ साली समाजशास्त्रज्ञ कॅरी नॉरगार्ड यांनी करुक समाजासाठी आहार आणि आरोग्य यांविषयी एक अहवाल तयार केला. त्यानुसार पूर्वी या समाजात दरमाणशी वर्षाला अंदाजे ४५० पौंड, म्हणजे सुमारे २०० किलो सॅल्मन खाल्ला जाई. तो आता ५ पौंडांहूनही खाली आला आहे. मधुमेहाचे प्रमाण त्यात देशाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट आढळले. एकाच कारणाने मधुमेह होतो असे कोणताही जबाबदार डॉक्टर म्हणणार नाही. परंतु नदी अडविली, जंगलातील ओकची फळे गेली, आणि त्यांच्या जागी सरकारी शिध्याचे पीठ, साखर आणि डबाबंद अन्न आले, तर पुढच्या पिढीच्या रक्तात साखर वाढणे आश्चर्याचे नाही. आपल्या समाजातही मधुमेह फार आहे, हे या सभागृहातील प्रत्येक कुटुंब जाणते. रोगाचे मूळ पुष्कळदा दवाखान्याच्या बाहेर, जमिनीच्या कायद्यात सापडते.

सप्टेंबर २००२ मध्ये क्लॅमथच्या खालच्या पात्रात किमान ३४,००० मासे मेले. पाणी कमी, पाणी कोमट, माशांची दाटी, आणि अशा स्थितीत कल्ल्यांना झालेला संसर्ग ही त्यामागची कारणे. चाळीमध्ये क्षय जसा पसरतो, तसा तो रोग पसरला. त्यानंतर आदिवासींनी चार जलविद्युत धरणे काढून टाकण्यासाठी अविरत लढा दिला. त्यांनी मोर्चे काढले, कंपनीच्या भागधारकांच्या सभा गाठल्या, आणि स्वतःचे मत्स्यशास्त्रज्ञ नेमून पाण्याची मोजमापे घेतली. २०२४ च्या शरद ऋतूत चौथ्या धरणाचे पाडकाम पुरे झाले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये धरणांच्या जागेच्या वरच्या अंगाला सॅल्मन दिसले.

आगीच्या कायद्यातही बदल झाला. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाने परंपरागत आग लावणाऱ्या आदिवासी जाणकारांना कायदेशीर संरक्षण दिले. २०२४ मध्ये आदिवासी शासनांना राज्याशी करार करून स्वतःच्या अधिकारात आग लावण्याची वाट मोकळी झाली, आणि २०२५ च्या आरंभी असा पहिला करार करुक समाजाने केला. १८५० चा गुन्हा १७५ वर्षांनी हक्क ठरला.

हे अमेरिकेपुरतेच नाही. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस पश्चिम आर्नहेम लँड येथे सुमारे २८,००० चौरस किलोमीटर पठारावर २००६ पासून असेच काम चालू झाले. तेथील आदिवासींना विसाव्या शतकात मिशन आणि वसाहतींकडे ओढले गेल्यावर पठार ओस पडले आणि कोरड्या ऋतूच्या अखेरीस प्रचंड वणवे पेटू लागले. लॉफ्टी बारडायल नाजमरेक या ज्येष्ठ चित्रकाराने आपल्या लोकांना पठारावर परत नेले. ऋतूच्या आरंभी, गवत अर्धवट ओले असताना, लहान लहान तुकड्यांनी आग लावायची ही जुनी रीत त्यांनी पुन्हा सुरू केली. शास्त्रज्ञांनी उपग्रहाच्या चित्रांवरून जळलेले क्षेत्र मोजले आणि किती हरितगृह वायू वाचले याचा हिशेब मांडला. या हिशेबावर एका वायूउद्योगाने १७ वर्षे दरवर्षी सुमारे १० लक्ष ऑस्ट्रेलियन डॉलर देण्याचा करार केला, आणि त्यातून आदिवासी वनरक्षकांना आपल्याच भूमीवर वेतनाचे काम मिळाले. आग ओळखणे हे ज्ञान त्यांचे, मोजणी विज्ञानाची, आणि पैसा ज्ञान असणाऱ्याच्या हाती. या तिसऱ्या गोष्टीकडे कृपया लक्ष द्यावे.

आता आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आलेला आक्षेप मी बोलून दाखवितो. ‘डॉक्टरसाहेब, आपण बाबासाहेबांचे अनुयायी. परंपरेच्या नावाने आपल्याला विहिरीवर पाणी भरू दिले नाही. प्राचीन ज्ञानाचा जयघोष करणारे आज मायदेशात कोण आहेत, हे आपण पाहतोच. मग आपणच परंपरागत ज्ञानाचे पोवाडे का गावेत?’

हा आक्षेप मी अत्यंत गंभीरपणे घेतो. त्याचे उत्तर आपल्याला केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी केलेल्या उपदेशात सापडते. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, तर्काला पटते म्हणून, किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून काही स्वीकारू नका. स्वतः पारखून पाहा की त्याने हित होते की अहित, असा त्याचा भावार्थ आहे. आपण या उपदेशाचा पहिला भाग नेहमी सांगतो. तो परंपरेला लागू होतो तसाच अधिकारपदालाही लागू होतो, हे मात्र विसरतो. सकाळी १० चा वनखात्याचा नियम अनेक दशके पाळला गेला, तो कशाच्या बळावर? खात्याने सांगितले, तज्ज्ञाने सांगितले, गणवेशातील माणसाने सांगितले, या बळावर. हेझलचे कोंब सरळ येतात की नाही, हे मात्र दरवर्षी टोपली विणणारीच्या बोटांनी तपासले जाई. कालामांची कसोटी लावली तर त्या बाईचे ज्ञान उतरते आणि त्या अधिकाऱ्याचा नियम उतरत नाही.

म्हणून भेद परंपरा आणि आधुनिकता यांच्यात करू नये. भेद करावा तो परीक्षेला तयार असणारे ज्ञान आणि परीक्षेला नकार देणारे ज्ञान यांच्यात. ज्या शास्त्राने शूद्राच्या कानावर वेद पडू नये म्हटले, ते दुसऱ्याला जाणण्याचा अधिकारच नाकारत होते. जमिनीवर काम करणाऱ्याचे ज्ञान याच्या उलट असते. ते खोटे ठरले तर पीक बुडते, मासा मिळत नाही, घर जळते. रोजची परीक्षा त्याला टळत नाही. धुराने मासा हाक ऐकतो ही श्रद्धा मी स्वीकारत नाही. धुराने पाणी थंड होते ही मोजलेली वस्तुस्थिती मी स्वीकारतो, आणि ती टिकवून ठेवल्याबद्दल त्या समाजाचे ऋण मानतो. आदिवासींचे सर्वच समज खरे ठरतील असेही नाही. जे खोटे ठरेल ते त्यांनीही सोडावे. पण परीक्षा बरोबरीच्या आसनावर बसून व्हावी.

कोणी असेही विचारील की बाबासाहेब तर धरणांचे पुरस्कर्ते होते. ते खरे आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाया घातला आणि त्यासाठी अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याचा आदर्श समोर ठेवला. पूर, दुष्काळ आणि अंधार यांतून गरिबांची सुटका व्हावी हा त्यांचा हेतू होता. धरण पूजनीय की निंद्य हा प्रश्न त्यांनी कधी मांडला नाही. नदीचा लाभ कोणाला आणि किंमत कोणाच्या माथी, हा प्रश्न त्यांच्या विचारातून निघतो. क्लॅमथवर तोच विचारला गेला.

आपला स्वतःचा इतिहास या बाबतीत काय सांगतो? जुन्या गावगाड्यात दोन गावांच्या शिवेचा तंटा पडला की महाराची साक्ष प्रमाण मानली जाई. कोणता ओढा कोठून वळतो, कोणते झाड, कोणता दगड हद्दीचा, हे त्याला ठाऊक असे, कारण शिवेची राखण तो करी. भूमीचे ज्ञान त्याचे आणि भूमी पाटला-कुळकर्ण्यांची, अशी ही वाटणी होती. वतनाच्या नावाखाली त्याला राबवून घेतले गेले. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक आणले. ती वतने नष्ट करणारा कायदा १९५८ साली झाला. पुढच्याच वर्षी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, आणि १९६४-६५ मध्ये तो देशव्यापी झाला. ज्ञान घ्यायचे आणि हक्क नाकारायचा, हा व्यवहार आपल्याला नवा नाही. म्हणून आज एखादे विद्यापीठ किंवा खाते आदिवासींना सन्मानाने बोलावून त्यांचे ज्ञान टिपून घेते आणि जमिनीचा निर्णय मात्र स्वतःच करते, तेव्हा आपण ते लगेच ओळखले पाहिजे. आपण शिवेचे साक्षीदार होतो.

महात्मा फुल्यांची आठवण येथे अपरिहार्य आहे. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केले, हे आपण अभिमानाने सांगतो. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये त्यांनी जंगलखात्याने गोरगरिबांची गायराने आणि डोंगर हिरावून घेतल्याचा हिशेब मागितला आहे. त्याच ग्रंथात डोंगरउतारावरची सुपीक माती पावसाने वाहून जाऊ नये म्हणून ताली-बंधारे बांधावेत, तळी करावीत, असा आग्रह आहे. इंग्रजांची विद्या हवी, पण कुणब्याच्या अनुभवाची हेळसांड नको, ही भूमिका आजही जुनी झालेली नाही.

मायदेशात तिचा एक नमुना गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात आहे. मेंढा-लेखा या छोट्या गोंड गावाने ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ अशी घोषणा केली आणि ती पेलून दाखविली. गावाने अभ्यासगट स्थापन केले. बाहेरचे जाणकार येत, बोलत, प्रश्न घेत, पण निर्णय मात्र ग्रामसभा सर्वांच्या संमतीने करी. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये स्वतःच्या जंगलातील बांबू विकण्यासाठी वाहतूक परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. अभ्यास आणि अधिकार दोन्ही एकाच ठिकाणी आले, म्हणून ते जंगल गावाचे झाले.

मित्रहो, परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांनी काय करावे, एवढे सांगून मी थांबतो. पहिली गोष्ट, आपण ज्या गावात घर घेतले आहे ती भूमी कोणत्या समाजाची होती आणि तो समाज आज कोठे आहे, हे आपण व आपल्या मुलांनी शोधून काढावे. त्या समाजाचे शासन, त्याची शाळा, त्याचे वस्तुसंग्रहालय असेल तर तेथे जावे. आपण आपली कहाणी सांगावी, त्यांची ऐकावी. दुसरी गोष्ट, आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्त्या अभियांत्रिकी आणि वैद्यकाकडे वळतात. त्यांत मृदाशास्त्र, वनशास्त्र, जलशास्त्र यांनाही स्थान असावे. मराठवाड्यातील कोरडवाहू रानात राबणाऱ्या आपल्या बांधवांना शहरातल्या डॉक्टराइतकीच अशा शास्त्रज्ञाची गरज आहे.

तिसरी गोष्ट घरातली आहे. सुट्टीत येथे येणाऱ्या आपल्या आई, आजी, मावशी यांपैकी अनेकींनी आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात निंदणी-खुरपणी केली आहे. कोणती रानभाजी कधी उगवते, कोणत्या जमिनीत बाजरी तग धरते, दुष्काळात काय खाऊन पोरे जगविली, हे त्यांना ठाऊक आहे. ते कष्ट आपल्यावर लादलेले होते आणि ती सक्ती परत येता कामा नये. पण सक्ती टाकून देताना त्या हातांनी मिळविलेले ज्ञानही आपण टाकून दिले, तर ज्यांनी आपल्याला अडाणी म्हटले त्यांचेच म्हणणे आपण खरे केल्यासारखे होईल. मुलांनी आजीजवळ बसावे, विचारावे, लिहून ठेवावे, आणि मग प्रयोगशाळेत तपासूनही पाहावे. आजीला त्याचा राग येणार नाही. तिने आयुष्यभर तेच केले आहे.



भवतु सब्ब मंगलं. जयभीम!